रंगूमावशीचा दहावा

कंडक्टर गुंडाभाऊंचा फोन आला तेव्हा उमाचे हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात होते. फोन कुणाचा हे तिला न बघताच कळलं. सकाळच्या या वेळेला विट्यात तिला दुसरं कोण फोन करणार? तिनं कोपरानं फोन जवळ ओढला आणि करंगळीनं दाबला.

"ताई, आजी दहिवडीत उतरल्यात. बाकड्यावर बसवलंय, च्या पाजलाय. माझी गाडी फुडं फलटनला जाती, पर हितल्या सायबास्नी सांगून ठिवलंय ध्यान द्या म्हनून. तुमी या मागनं."

"येते भाऊ," उमा म्हणाली. आणखी काही बोलायचं तिच्यात त्राण नव्हतं. उपकार झाले, हे तिनं मागच्या वेळी म्हटलं होतं, त्याच्या मागच्या वेळीही म्हटलं होतं.

तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली. स्टँडसमोरच्या दोन खानावळींना उमा रोज भाकऱ्या पुरवायची. नवरा पलटणीतून सुटून आता पुण्यात कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर नोकरीला होता, लेक सृष्टी सांगलीला कॉलेजात होती, आणि घरात राहिल्या होत्या दोघी, उमा आणि तिची आई बनुबाई. उमा अंघोळीला गेली, गिरणीत गेली किंवा नुसती पाठ करून चुलीपाशी बसली, की आई पिशवी उचलून स्टँड गाठायची. सरकारनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट केली तेव्हापासून तर तिला कुणाला विचारायचीही गरज उरली नव्हती. खरं म्हणजे आई अजून पंचाहत्तरची नव्हतीच. आधार कार्ड काढताना तिनं स्वतःच अंदाजे वय सांगितलं होतं, आणि सांगताना हात जरा सैल सोडला होता.

उमानं उरलेलं पीठ शेजारच्या पूजाच्या हवाली केलं. पूजा नवी नवरी, हात हलका, पण भाकरी थापताना निम्मं लक्ष मोबाइलमध्ये. आज खानावळवाला बोलणार हे उमाला ठाऊक होतं. बोलू दे म्हणाली मनात, आणि पदर खोचून स्टँडकडे निघाली.

दहिवडीच्या बाकड्यावर आई पाय हलवत बसली होती, शाळा सुटल्यावर न्यायला येणाऱ्याची वाट बघत बसावं तशी. उमाला बघून तिचा चेहरा खुलला.

"आलीस व्हय? बरं झालं. रंगूमावशीचं घरच सापडंना बघ. समदं बदलून टाकलंय मेल्यांनी."

"चल घरी आये."

"आगं पर ती आजारी हाय. निरोप आलाय मला."

रंगूमावशीचं घर सापडणं शक्यच नव्हतं, कारण दहिवडीत रंगूमावशी कधी नव्हतीच. दहिवडीत काय, जगाच्या पाठीवर कुठंच नव्हती. तिला बनुबाईनंच जन्माला घातलं होतं, आणि त्या कामात उमानं आणि तिचा धाकटा भाऊ लालासाहेब यानं हातभार लावला होता.

तेव्हा उमा आठ-नऊ वर्षांची होती. सगळी मंडळी विट्याजवळच्या गावात राहायची. वडील, आकाराम, तिकडे तामिळनाडूत सेलमला. त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं, जसं या भागातल्या निम्म्या पुरुषांचं कुठल्या ना कुठल्या शहरात असतं. ते वर्षातून एकदा जत्रेला यायचे आणि पोरांना ओळख पटायच्या आत परत जायचे. घरात आज्जी, दोन चुलते, चुलत्या, त्यांची पोरं, म्हशी, आणि या सगळ्यांच्या पोटाला थोरली सून बनुबाई. सुनेनं उंबरा ओलांडायचा तर कारण लागायचं. कुणीतरी आजारी पडायला हवं, कुणाचं बारसं हवं, नाहीतर मयत तरी हवी. बनुबाईचे आई-बाप लहानपणीच गेलेले, भाऊबंद कुणी नाही. म्हणजे तिच्या बाजूनं मरायलासुद्धा माणूस उरलेला नव्हता.

एके दिवशी ती रानात खुरपत होती. पोरं बांधावर. रस्त्यानं दहिवडीची गाडी धुरळा उडवत गेली, आणि आई कमरेवर हात ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिली. संध्याकाळी तिनं आज्जीला सांगितलं, "आत्याबाई, सांगावा आलाय. दहिवडीची माझी रंगूमावशी लय आजारी हाय."

"तुला मावशी हाय?" आज्जीनं विचारलं.

"लांबची हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आई दोन्ही पोरांना घेऊन निघाली. तिकिटाला तिनं कोंबडीची अंडी विकली होती. गाडीत लालानं विचारलं, "आये, मावशीचं घर केवढं हाय?" आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "ते तूच सांग."

लालाला काही कळलं नाही. उमाला कळलं आणि ती आधी घाबरली. मग भीती हळूहळू विरली आणि तिच्या जागी जी मजा आली ती तिला पुढं आयुष्यात फार कमी वेळा मिळाली. लाला म्हणाला, घराला पेरूचं झाड आहे. उमा म्हणाली, एक डोळा फुटलेलं मांजर आहे. लाला म्हणाला, मावशीला पोरंबाळं नाहीत. का, तर असती तर त्यांनी पेरू संपवले असते.

दहिवडीत उतरून त्यांनी मेंढरांचा बाजार बघितला. माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा काढला आणि त्यात पाणी साठायची वाट बघत आडवे पडले. आईनं पदर तोंडावर घेतला आणि ती भर दिवसा झोपली. घरी तिला असं झोपलेलं पोरांनी कधीच बघितलं नव्हतं. परतीच्या गाडीत बसल्यावर तिनं दोघांना जवळ ओढलं आणि विचारलं, "आता घरी काय सांगायचं?"

तिघांची तोंडं जुळायला हवी होती, कारण आज्जी वकिलाच्या वरताण उलटतपासणी घ्यायची. आजार काय? पोटाचा. काय खाते? पेज. घरात कोण? मांजर. आज्जीनं पोरांना वेगवेगळं गाठून विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही, हा नियम होता.

पुढची काही वर्षं मावशी आजारीच राहिली. कधी पोट, कधी गुडघा, कधी नुसता जिवाला घोर. एकदा आई मायणीच्या तळ्यापाशी मधेच उतरली, कारण पाण्यात पांढरे-गुलाबी पक्षी दिसले. मग पुढची गाडी येईना, तर मेंढरांच्या ट्रकला हात केला. ट्रकात दोन नर एकमेकांना ढुशा देत होते आणि आई त्यांच्या मधोमध पदर डोक्याला गुंडाळून बसली होती, पाटलिणीच्या थाटात. एकदा एका जत्रेत त्यांनी तंबूतला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूनं बघितला, कारण पुढं जागा नव्हती. पडद्यावरची सगळी माणसं डावखुरी होती. हिरो डावखुराच असतो असं लाला पुढं बरीच वर्षं मित्रांना ठासून सांगायचा. आई या सगळ्याला मुलूखगिरी म्हणायची. "चला, मुलूखगिरीला," म्हणाली की पोरं चपला घालायच्या आत दाराबाहेर.

चुका व्हायच्याच. एकदा लालानं आज्जीला सांगून टाकलं की मावशीकडे दुभती म्हैस आहे, आणि त्याच संध्याकाळी उमा म्हणाली की मावशीकडे शेळ्याच शेळ्या आहेत. आज्जीनं भुवई वर केली. आई चुलीत फुंकर घालत होती, ती मान न वळवता म्हणाली, "म्हस इकली आन् शेळ्या घेतल्या. तिला आता म्हशीचं व्हत न्हाई." पुढं पुढं तर आज्जीचाच जीव मावशीत गुंतला. तिच्यासाठी सांडगे द्यायची. एका थंडीत स्वतः शिवलेली वाकळ दिली. ती वाकळ त्यांनी दहिवडीच्या स्टँडवर शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीला दिली, आणि आज्जीला सांगितलं की मावशीला रडू आलं. ते खोटं नव्हतं, शेंगावाली रडलीच होती.

"एकदा घिऊन ये की तिला," आज्जी म्हणायची.

"तिला एस.टी. लागती आत्याबाई," आई म्हणायची.

मग लालाची शाळा संपली आणि वडिलांनी त्याला सेलमला नेलं. उमाचं लग्न झालं. आज्जी गेली, वडील गेले. रंगूमावशीचं नाव कुणी काढेनासं झालं. ते एकदम निघालं गेल्या दिवाळीत. उमा फराळाचं तळत होती आणि आई दारातून म्हणाली, "जाऊन येते गं, रंगूमावशी आजारी हाय." उमा हसली. आईची थट्टाच वाटली तिला. संध्याकाळी दहिवडीहून फोन आला तेव्हा तिचं हसू गेलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हे वयानं होतं, यांच्याशी वाद घालू नका, म्हणतील त्याला हो म्हणा. डॉक्टरांचं काय जातं हो म्हणायला. त्यांना दहिवडीला जावं लागत नाही.

गुंडाभाऊंचा फोन आला त्या दिवशीही आईला घेऊन उमा घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. पूजाच्या भाकऱ्या खानावळवाल्यानं परत पाठवल्या होत्या, त्या दुरडीत चामड्यासारख्या पडल्या होत्या. उमानं त्यातलीच एक पाण्यात बुडवून खाल्ली आणि लालाला फोन लावला.

"हे बघ उमे," लालासाहेब तिकडून म्हणाला, "लय झालं आता. मी येतो आन् न्हेतो तिला हिकडं. चौथा मजला हाय, दाराला कुलूप हाय. जाईल कुठं?"

"चौथ्या मजल्यावर मरंल ती."

"आन् रस्त्यावर गाडीखाली मरंल ते चालंल व्हय? तुझं तरी काय चाललंय? आवाज बघ तुझा."

उमानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता. तिला आईला सेलमला पाठवायचं नव्हतं, आणि तिच्यात दहिवडीला जायची ताकद उरली नव्हती. यातलं एकच काहीतरी होणार होतं. मग लाला म्हणाला, "एक करता येईल. मावशीलाच मारून टाकू."

"काय बोलतोस?"

"आगं आपणच जगवली न्हवं तिला? सांगायचं आयेला, रंगूमावशी गेली. मेलेल्या मानसाकडं कशाला जाईल ती? चार दिस रडंल आन् गप बसंल. मग न्हाई न्हेत मी सेलमला."

हा सल्ला उंटावरच्या शहाण्याचा होता, पण त्या वेळी उमाला तो देवाघरचा वाटला. इतकी ती दमली होती. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं आईसमोर बसून, तिच्याकडे न बघता सांगितलं, "आये, दहिवडीचा फोन आलता. रंगूमावशी गेली."

आईच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. तिनं ती हळूच खाली ठेवली.

"कवा?"

"काल."

"तरी म्या म्हनत व्हते तुला, आजारी हाय म्हनून," आई म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग ती उठली, मोरीत गेली आणि लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. ओलेत्यानं बाहेर आली आणि म्हणाली, "चल. माती कवा हाय?"

तेव्हा उमाच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. आपल्याकडे जिवंत माणसाकडे एखादवेळी जायचं राहिलं तर चालतं. मेलेल्याकडे जावंच लागतं. मातीला जावं लागतं, सावडायला जावं लागतं, दहाव्याला, बाराव्याला, पुढं वर्षश्राद्धाला. या मुलखात जन्माला येऊन दोघं भावंडं एवढी साधी गोष्ट विसरली होती.

"माती झाली आये. आपल्याला उशिरा कळलं."

"मग सावडनं?"

"ते बी आजच उरकलं म्हनं."

"एवढी घाई?" आईनं डोळे पुसले. "बरं. मग दहाव्याला तरी जायाचं. आन् लालाला बोलवून घे. तिला ना मूल ना बाळ. पानी कोन देनार? लालानंच द्यायला पायजे."

मावशीला मूलबाळ ठेवायचं नाही हे लालानंच ठरवलं होतं, पेरूसाठी. आईचं म्हणणं उमानं त्याला फोनवर कळवलं, आणि त्यानं मिरजेचं तिकीट काढलं.

इकडे आईनं गल्लीला सांगितलं. दुपारपासून बायका भेटायला यायला लागल्या. जमिनीवर बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या, रंगूमावशीचं वय विचारायच्या. आई सांगायची, बाई लय कष्टाळू, एकटी राहिली पण कुणापुढं हात पसरला नाही, दारात पेरूचं झाड होतं. एक डोळ्याचं मांजर होतं, त्याचं आता काय होणार म्हणून ती खरोखर रडायची. आणि उमा चहाचं आधण ठेवायची. जन्माला न आलेल्या बाईच्या दुखवट्याला आलेल्या बायकांना चहा करता करता तिच्या नाकी नऊ आले. एक गोष्ट मात्र झाली. ते सगळे दिवस आई घर सोडून गेली नाही. दुखवटा पाळत बसून राहिली, जेवणात गोड घेतलं नाही, आणि दिवसेंदिवस लहान होत चालल्यासारखी दिसायला लागली. लालाचा हिशेब बरोबर निघाला होता. उमाला त्याचं काडीचं समाधान वाटलं नाही.

लालासाहेब मिरजेला रेल्वेतून उतरून आला. पोट सुटलेलं, केस विरळ, बोटांवर भट्टीचे जुने डाग. जेवण झाल्यावर त्यानं शर्टाच्या खिशातून कागद काढून उमाला दाखवला. त्याचं परतीचं तिकीट, आणि शेजारी आईचं.

"आता न्हेणार न्हाई म्हनाला व्हतास की," उमा म्हणाली.

"बघ की तिच्याकडं," लाला म्हणाला. "हिथं अशी बसून बसून काय व्हईल? माझ्यात नातवंडं तरी हायत. आन् खरं सांगू? तू पडशील एक दिवस. मग दोघींचं मलाच बघायला लागंल."

उमानं कागद घडी घालून लालाला परत दिला. तो खोटं बोलत नव्हता.

दहाव्याच्या दिवशी तिघं पहाटेच्या गाडीनं निघाले. आई खिडकीपाशी, मध्ये उमा, कडेला लाला. गाडी गुंडाभाऊंचीच होती. त्यांनी आईसमोर हात जोडले, "आजी, वाईट झालं," म्हणाले. उमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायणीच्या पुढं डोंगरावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या, आणि एकेकाळी जिथं नुसता धोंडा होता तिथं मधूनमधून उसाचे हिरवे तुकडे दिसत होते. आईनं ते काही बघितलं नाही. ती मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

नदीवर दुसऱ्याच कुणाचा तरी दहावा चालला होता. माणसं बरीच होती. ही तिघं तिथून लांब, वरच्या अंगाला गेली. उमानं दगडावर केळीचं पान ठेवून त्यावर भाकरी आणि गूळ ठेवला. लालानं शर्ट काढला, ओंजळीत पाणी घेतलं आणि तो थांबला.

"काय म्हनू?" त्यानं उमाला हळू विचारलं.

"काय बी म्हन."

"रंगूमावशे," लाला म्हणाला. त्यानं ओंजळ पुढं केली. "रंगूमावशे, हे पानी घे."

ओंजळ रिकामी झाली. मग तिघं मागं सरून कावळ्याची वाट बघत उभी राहिली. पलीकडच्या दहाव्यावर कावळ्यांची झुंबड होती, इकडे एकही फिरकेना. बराच वेळ गेला. ऊन चढलं.

"तिची काय तरी इच्छा ऱ्हायलीया," आई म्हणाली.

लाला हात जोडून म्हणाला, सगळ्यांचं नीट बघू. कावळा आला नाही. उमानं नुसते हात जोडले. तिच्याकडे आता कुणालाही द्यायला शब्द नव्हता, नसलेल्या बाईलासुद्धा. तेवढ्यात मागच्या बाजूनं नदीत शेळ्यांचा कळप उतरला. त्यातली एक तांबडी शेळी सरळ दगडापाशी आली, तिनं भाकरी तोंडात धरली आणि मान हलवत चघळायला लागली. मग पान खाल्लं. मग गूळ चाटला. कुणी तिला हाकललं नाही.

"भागलं," आई म्हणाली आणि तिनं शेळीला हात जोडले. "शेळ्याच व्हत्या तिला."

"म्हस इकली व्हती," लाला पुटपुटला.

उमाला हसू फुटलं. ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली, तसा लालाही, उघड्या अंगानं, पोट हलेपर्यंत. दोघं वाळूत खाली बसली. आणि हसता हसता कधी रडायला लागली ते त्यांनाही कळलं नाही. उमा रंगूमावशीसाठीच रडत होती. ती बाई मेली होती आणि तिला आपण मारलं होतं, आणि ती फार चांगली होती. आई त्या दोघांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. लहान पोरं रडतात तशी रडू देत होती.

रडून झाल्यावर आई वाळूत आडवी झाली, पदर तोंडावर ओढला, आणि झोपली. जिथं झरा काढायचे ती जागा हीच होती की नाही, उमाला सांगता आलं नसतं. ती झोपलेल्या आईकडे बघत राहिली. तेव्हा आईचं वय काय असेल? आत्ताच्या उमापेक्षा कितीतरी लहान. एवढ्या खटल्याच्या भाकऱ्या थापून, म्हशी पाजून, रान खुरपून ती इथं यायची आणि झोपायची. पोरांना वाटायचं मुलूखगिरी. मुलूखगिरी होतीच ती, पण आई दमलेली असायची. एवढी साधी गोष्ट उमाला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, कारण तिच्यावर स्वतःवर असं दमायची वेळच आत्ता आली होती. उमाही आईशेजारी वाळूत आडवी झाली.

परतीच्या गाडीत जागा तशीच मिळाली. आई खिडकीपाशी, मध्ये उमा, कडेला लाला. गाडी स्टँडच्या बाहेर पडली तशी आईनं दोघांच्या दंडाला धरून त्यांना जवळ ओढलं.

"आता घरी काय सांगायचं?"

लालानं मान वळवून उमाकडे बघितलं. आईला सगळं ठाऊक होतं, की काहीच ठाऊक नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. विचारायचं उमाच्या जिवावर आलं. विचारून काय करायचं होतं?

"सांगायचं, दहावा झ्याक झाला," उमा म्हणाली. "आन् मावशीची धाकटी बहीन भेटली."

"धाकटी? तिला धाकटी बहीन हाय?"

"लांबची हाय."

आईनं हे बराच वेळ मनात घोळवलं. "कुठं आस्ती ती?"

"ते तूच सांग," उमा म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे ओठ जरासे हलत होते. मग ती म्हणाली, "फलटनला. उसाच्या मळ्यात घर हाय. दारात मोर येत्यात."

"लय कडक हाय म्हनं ती," लाला एकदम म्हणाला. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होता, आणि त्याचा आवाज सात वर्षांच्या पोराचा झाला होता. "एकटं आलेलं तिला खपत न्हाई. संगट लेक पायजे. न्हाईतर दारातनंच माघारी लावती."

"व्हय?" आईनं उमाला विचारलं.

"व्हय. आन् ऐतवारीच भेटती. खानावळी बंद आस्त्यात तवा."

"आन् ल्योक?"

"लेकानं वर्साचं एकदा तोंड दावलं तरी चालतं तिला," लाला म्हणाला. त्यानं खिशाला हात लावून बघितला आणि उमाला म्हणाला, "तुझ्या आयेचं तिकीट रद्द करतो रातच्याला."

"तुझी कोन न्हाई व्हय ती?" उमा म्हणाली.

आईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली होती. "तब्येतीनं बरी हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"कुठली बरी?" उमा म्हणाली. "सारखी आजारी आस्तीया."

"मग जायाला लागंल," आई म्हणाली.

"जायालाच लागंल," उमा म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून मायणी येईपर्यंत झोपली.